‘आईच्या हातचं कमी वाटायला लागतं’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हाच लिहायला बसले असते तर शब्द वाकडे गेले असते, म्हणून सकाळचं सगळं आवरून मग बसले. मटणाच्या हाडांचा फो, म्हणजे व्हिएतनामी शेवयांचा रस्सा, घरी कसा केला, हा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं असं : फो मटणाचा नसतोच, मी दिलाय तो शेवयांवर ओतलेला अळणी रस्सा, साहित्य कोल्हापुरात मिळत नाही, चार तास गॅस कुणी जाळायचा, आणि शेवटी, ‘परदेशवारी झाली की लोकांना आईच्या हातचं कमी वाटायला लागतं.’

मान्य आहे ते आधी सांगते. फिश सॉस प्रत्येक किराणा दुकानात मिळत नाही, हे खरं. तो नसेल तर मूठभर सुकट भाजून, फडक्यात बांधून रश्शात सोडायची, हे मी कृतीत खाली लिहिलं आहे. ते वर साहित्यातच असलं तर सोयीचं होईल. आजच घालते.

आता ते शेवटचं वाक्य. मीठ जास्त म्हणा, नाव चुकीचं म्हणा, मी ऐकून घेईन. पण माझ्या आईला तुम्ही ओळखत नाही, तिच्या हातचं कधी जेवला नाहीत. मला ते कमी वाटतं हे कशावरून ठरवलंत? आणि सुरुवातच ‘बाई, दोन देश बघून आलात म्हणून’ अशी. लेखावर माझं नाव आहे, ते घेता आलं असतं. ज्या सहलीला तुम्ही परदेशवारी म्हणून हिणवता, ती आम्ही बायकांनी भिशीचे पैसे साठवून केलेली. त्यात कुणाचा एक रुपया घेतलेला नाही.

मी कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत वाढले. उन्हाळ्यात गच्चीवर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळत पडायची, देठं खुडायचं काम आम्हा पोरींकडं. चटणी कुटून होईपर्यंत आई डंकापाशी उभी राहायची, कारण दुसऱ्या कुणाचा मसाला आपल्यात मिसळलेला तिला वासावरून कळायचा. रविवारी मटण शिजलं की अळणीची, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्याची, पहिली वाटी पोरांना, वरून मिरपूड. मग कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी थेट जाळावर, वरून काळी होईस्तोवर. हे मी बघत आले, करत आले. आजही घरातला तांबडा रस्सा मीच करते, आईच्या मापानं.

त्या सहलीत व्हिएतनामच्या हनोईत सकाळी सकाळी फोच्या दुकानासमोर बुटक्या स्टुलावर बसले होते. आत एक बाई सालीसकट कांदा आणि आल्याचा गड्डा जाळावर धरून काळा करत होती. शेजारी हाडांचं मोठं पातेलं, आणि दालचिनी, लवंग, मसाला वेलची, चक्रीफूल यांचा वास. मला घर आठवलं. आणि हेही लक्षात आलं की आई कांदा एवढा का करपवते, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आल्यावर विचारलं. ती म्हणाली, नुसता परतला तर रस्सा गोडुस होतो, करपला की त्याला अंग येतं. इतकी वर्षं तिच्या शेजारी उभी राहून जे विचारायचं सुचलं नाही, ते परमुलखातल्या एका चुलीसमोर सुचलं. तुम्हाला यात आईच्या हातचं कमी झालेलं दिसतं?

फरकही सांगते. तिथं हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून देतात, हाडं धुतात, मग नव्या पाण्यात अगदी मंद आचेवर ठेवतात. खळखळ उकळू देत नाहीत, वरचा फेस काढत राहतात, म्हणून रस्सा नितळ उतरतो. आमच्याकडं पांढऱ्या रश्शाची अळणी भरपूर उकळायची पद्धत. मी एका रविवारी ती फोच्या पद्धतीनं केली, पुढं नारळाचं दूध, काजू, खसखस नेहमीसारखंच. रस्सा जास्त पांढरा आला आणि मटणाचा उग्र वास गेला. आईनं दुसरी वाटी मागून घेतली. आता ती स्वतः पहिलं पाणी ओतून देते.

फो मटणाचा नसतो हे मला माहीत आहे. तिथं तो गाईच्या हाडांचा नाहीतर कोंबडीचा, हे लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. वाचला असतात तर बरं झालं असतं. आमच्या घरी मटण येतं, म्हणून मटण. १९५४ साली व्हिएतनामची फाळणी झाली, उत्तरेतली लाखो माणसं दक्षिणेत गेली, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या फोमध्ये सायगावला मुगाचे मोड, तिथली तुळस, गोडसर होइसिन सॉस येऊन बसले. त्यालाही सगळे फोच म्हणतात. दक्षिणेतल्या हू तिऊ नावाच्या दुसऱ्या शेवयांच्या रश्शात तर सुकी कोळंबीच घालतात, तेव्हा माझ्या सुकटीला नाक मुरडायचं कारण नाही. मिरची आपल्याकडं बाहेरून आली हा दाखला सगळेच देतात, तो मी देत नाही. पण तुमच्या घरच्या मसाल्यात चक्रीफूल असेलच. ते झाड दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामचं, लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. आणि दावणगिरी लोणी डोसा खाताना तुम्ही कर्नाटकाचं नाव घेऊन ताट मागं सारत नसाल.

गॅसचं म्हणाल तर कुकरचा पर्याय दिलेला आहे. साहित्याचं म्हणाल तर आलं, पुदिना, कोथिंबीर, लिंबू, ओली मिरची कपिलतीर्थ मंडईत एका फेरीत मिळतं. यापलीकडं या दोन मुद्द्यांवर मला काही बोलायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पाककृतीवर हवं ते लिहा, मी प्रत्येक ओळीला उत्तर देईन. माझ्या आईबद्दल पुन्हा लिहिलंत तर मात्र ते इथं राहणार नाही.