वहिनी, जरा बॅग धरता का?

चाळिशी ओलांडलेल्या तुमच्या नवऱ्याने अचानक पोहण्याचा क्लास लावला, घरात एक धडधाकट सायकल असताना जाड टायरची दुसरी आणली आणि ताटातल्या भाताकडे बघून 'कार्ब' म्हणायला सुरुवात केली, तर घाबरून जाऊ नका. त्याचं बाहेर काही नाही. तो ऑफ-रोड ट्रायथलॉन करणार आहे. बाहेर काही असतं तर रविवारी पहाटे चार वाजता 'तू पण चल ना' असं म्हणाला नसता.

साधी ट्रायथलॉन वेगळी. तिला डांबरी रस्ता असतो, रस्त्याला कठडा असतो आणि कठड्याला टेकून उभं राहता येतं. ऑफ-रोड म्हणजे आधी धरणाच्या पाण्यात पोहायचं, मग मुरमाच्या पायवाटांवरून आणि भाताच्या बांधांवरून सायकल हाणायची आणि उरलासुरला जीव घेऊन डोंगरात पळायचं. १९९६ साली हवाईतल्या माउई बेटावर सुरू झालेली अशी एक शर्यत पुढे एक्स्टेरा नावाने जगभर पसरली, असं मला रोज रात्री जेवताना सांगण्यात येतं. तिथे साधारण दीड किलोमीटर पोहणं, तीसेक किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर पळणं असतं. आमच्या मावळातल्या धरणावर झाली ती धाकटी पाती: १, २२ आणि ७. फी मात्र थोरल्या पातीची. धरणाचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही.

तर नव्याने या मार्गाला लागलेल्या माझ्या भगिनींनो (आणि बायको ट्रायथलॉन करते अशा दोन-चार भावांनो), अनुभवाचे बोल ऐका.

आदल्या रात्री 'टायरमध्ये हवा किती ठेवू?' असं विचारलं जाईल. उत्तर देऊ नका. रस्त्यावरच्या सायकलीत ठासून हवा भरतात, दगडधोंड्यांत मात्र टायर मऊ ठेवावा लागतो म्हणजे तो जमीन धरतो, एवढं ज्ञान मलाही आता झालंय. पण पंचवीस की सत्तावीस, यावर आमच्याकडे रात्री साडेअकरापर्यंत परिसंवाद झाला आणि पहाटे पार्किंगमध्ये, मोबाइलच्या उजेडात, पुन्हा सव्वीस केली.

पहाटे थंडी असते, स्वेटर घाला. नऊ वाजता तो कमरेला बांधा. अकरा वाजता त्यावर बसा.

रात्री नऊनंतर पाणी पिऊ नका. का, ते बायकांना सांगायला नको.

आता बॅगेचं. गाडीतून उतरल्यावर तुमच्या हातात नवऱ्याची एक बॅग असेल. तेवढ्यात त्याच्या ग्रुपमधला एक जण येईल आणि म्हणेल, 'वहिनी, जरा बॅग धरता का? पाचच मिनिटं.' या पाच मिनिटांत तो एक किलोमीटर पोहून, बावीस किलोमीटर सायकल चालवून, सात किलोमीटर पळून येणार असतो. त्याचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. सहा वाजेपर्यंत माझ्याकडे सात बॅगा होत्या आणि मी स्वारगेटच्या क्लोकरूमसारखी दिसत होते. एका बॅगेतून व्हॅसलीनचा वास येत होता, एकीत मीठ लावलेले उकडलेले बटाटे होते, एकीत साबुदाण्याची खिचडी होती आणि एकीतला अलार्म दर नऊ मिनिटांनी वाजत होता. यांच्यापैकी तिघांची नावं मला आजही माहीत नाहीत. त्यांना माझं नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही. मी वहिनी.

तक्रार करायची नाही. या खेळाची परंपराच तशी आहे. १९७८ साली हवाईच्याच ओआहू बेटावर आयर्नमॅन नावाची लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पहिल्यांदा झाली, तेव्हा पंधरा जण उतरले आणि बारा पोचले. वाटेत पाणी द्यायला, खायला घालायला प्रत्येकाने आपापली माणसं आणायची असा तेव्हाचा मामला. जॉन डनबार नावाचा गडी पुढे होता. मॅरेथॉनच्या टप्प्यात त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. तो दुसरा आला. ही गोष्ट नवऱ्याने मला तीनदा सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा 'सपोर्ट क्रू किती महत्त्वाचा असतो बघ' या वाक्याने संपवली आहे. मला मात्र दर वेळी त्या बिअरवाल्यांचंच मन कळतं.

प्रोत्साहन. 'थोडंच राहिलंय' असं चुकूनही ओरडू नका, कारण थोडं राहिलेलं नसतं. 'जपून' म्हणू नका, त्याचा अपमान होतो. नावाने हाक मारायची तर आधी तो आपलाच आहे याची खात्री करा. दोनशे माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर तीच केशरी टोपी, डोळ्यांवर तोच काळा गॉगल, आणि पाण्यातून बाहेर येताना सगळ्यांचा चेहरा तोच. मी हातातल्या बॅगा सावरत जीव तोडून 'शाब्बास राजा!' म्हणून ज्याला ओरडले, त्या गृहस्थांनी आनंदाने हात हलवला. त्यांच्या बायकोने वळून माझ्याकडे बघितलं.

आणि आता महत्त्वाचं. घाबरायचं कारणच नाही, कारण ॲप असतं. प्रत्येकाच्या घोट्याला चिप बांधलेली असते. वाटेत अंथरलेल्या वेळ नोंदवणाऱ्या चटईवर पाय पडला की चिप बोलते आणि तुमच्या मोबाइलवर नवऱ्याचा ठिपका पुढे सरकतो. विज्ञान! फक्त धरणाच्या काठावर रेंज नसते. रेंज मागच्या टेकडीवर, देवळाच्या पायरीवर. तर सात बॅगा तिथे असलेल्या एका मावशींच्या भरवशावर टाकून मी टेकडी चढले. साडेआठ वाजले होते. शर्यत सातला सुटली होती. एक किलोमीटर पोहायला नवऱ्याला अर्धा तास लागतो, फार तर पस्तीस मिनिटं. ॲप उघडलं, तर ठिपका पाण्यात. धरणाच्या बरोब्बर मध्ये, निळ्या रंगात. 'पोहणे सुरू आहे. वेळ: एक तास एकतीस मिनिटं.'

आणि तिथेच फोन वाजला. सासूबाई. लेकाने कौतुकाने त्यांनाही ॲपची लिंक पाठवली होती. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चष्मा लावून त्या सातपासून तो ठिपका बघत बसल्या होत्या. 'अगं, हा अजून पाण्यातच आहे म्हणतंय गं. तू कुठेयस? तुला दिसतोय का तो?'

काय सांगायचं? मी 'हो, दिसतोय, आत्ताच हात केला' असं सांगितलं आणि टेकडी उतरायला लागले. चालत नाही हो, घसरतच.

खाली बचाव-बोटी काठाला लागल्या होत्या आणि बोटवाले वडापाव खात होते. याचा अर्थ सगळे बाहेर आले, असा मी घ्यायचा. एका वडापावच्या भरवशावर नवरा जिवंत धरायचा. माइकवाल्याकडे गेले. म्हटलं, दादा, एकशे सत्त्याऐंशी नंबर पाण्यातून बाहेर आला का, तेवढं बघून सांगा. त्याने काय करावं? माइक तोंडाला लावला आणि म्हणाला, 'वन एट सेव्हनच्या मिसेस इथे आल्यात, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!' लोकांनी वाजवल्या. नंतर गाणं लावलं.

टेबलावरच्या जॅकेटवाल्या साहेबांनी न बघताच सांगितलं, 'मॅडम, ॲपवर बघा ना.' ॲपवर बघूनच आले आहे, म्हटलं. 'मग लाइव्ह आहे ते. करेक्टच असतं.'

करेक्टच असतं! म्हणजे माणूस दोन तास पाण्यात आहे हे करेक्ट धरायचं आणि तुम्ही तिथे बसून टी-शर्टांच्या घड्या घालणार?

मग मला सुचलं की सायकल बघावी. स्टँडवर सायकल नसेल तर तो पाण्यातून निघाला, सायकल असेल तर... असो. सायकली जिथे लावतात त्या जागेला हिरवं कापड गुंडाळलेलं होतं, बाहेरून काही दिसत नव्हतं, आणि गेटवर एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा उभा होता. म्हणाला, 'आत फक्त खेळाडूंना परवानगी आहे, मॅडम.' म्हटलं, मला नाही जायचं बाळा, तू जा. एकशे सत्त्याऐंशी नंबरच्या जागेवर सायकल आहे का, एवढंच बघून ये. तो म्हणाला, 'माझी ड्यूटी गेटवर आहे.' मी हात जोडले. खरंच जोडले. तो कावराबावरा झाला, पण हलला नाही.

पावणेदहाला मी पुन्हा टेकडी चढले नाही, कारण तिथे रेंज होती आणि रेंज आली की सासूबाई येणार होत्या.

सव्वादहाच्या सुमाराला गावातला एक पोरगा दूध घालून सायकलवरून येत होता, रिकामा कॅन हँडलला खडखडत होता. माझ्याकडे बघून आपणहून थांबला. म्हणाला, 'कुणाला बघताय काकू? एक काका सायकल खांद्यावर घेऊन येतोय तिकडनं. लय शिव्या देतोय.'

'कुणाला देतोय?'

'सायकलीला.'

मी बांधावर मटकन बसले. रडूही आलं आणि हसूही. नव्वद हजारांच्या सायकलीला मराठीतून शिव्या देणारा मावळात त्या दिवशी एकच माणूस असणार होता.

पुढचं थोडक्यात. चिप पोहतानाच पायातून निसटून तळाला गेली होती. ठिपका तिथेच थांबला, माणूस पुढे निघून आला. मग पंधराव्या किलोमीटरला मागचा गिअर दगडावर आपटून मोडला, तर सायकल खांद्यावर मारून सात किलोमीटर चालत आला आणि वर डोंगरातले सात पळूनही आला. पावणेबाराला पोचला. चिखलात दात तेवढे पांढरे दिसत होते. आणि पहिलं वाक्य काय? 'व्हिडिओ काढलास ना?'

मेडल घातलेला तो माणूस चांगला आहे हो. त्याने डोंगर चढावेत, चिखलात लोळावं, मला खरंच कौतुक आहे. हे मी सगळं गिळलंही होतं, लिहिणार नव्हते. पण मंगळवारी आयोजकांचा मेल आला: 'आपली टायमिंग चिप परत मिळालेली नाही. कृपया आठशे रुपये भरावेत.'

म्हणजे मोजता येतं तुम्हाला! दोनशे चिपांपैकी एक कमी आहे हे दोन दिवसांत कळतं. मग दोनशे माणसांपैकी पाण्यातून किती बाहेर आली, हे दोन तासांत का सांगता येत नाही? एसटीचा कंडक्टर चहाला गाडी थांबली तरी माणसं मोजल्याशिवाय घंटी मारत नाही. तुम्ही माणसी हजारो रुपये घेता, ड्रोन उडवता, डीजे आणता आणि पाण्याच्या काठावर वही-पेन घेऊन एक माणूस बसवत नाही? टोपीवर नंबर असतो, तो वाचायचा आणि लिहायचा. चिप पडू शकते, हे तुम्हाला माहीत असतं. तुमच्याच नियमांत तिचा दंड छापलाय! उद्या खरंच कुणी तळाला राहिला असता तरी तुमचं गाणं वाजतच राहिलं असतं, आणि तुम्हाला ते मंगळवारी, चिपा मोजताना कळलं असतं. लाज वाटायला हवी.

आणि नवरोबा, तूसुद्धा. 'पडली असेल पाण्यात' म्हणालास, खिशातून सुटे पडावेत तसं. घोट्याचा पट्टा नीट आवळायला दहा सेकंद लागतात. टायरच्या हवेला तू अडीच तास दिलेस. आईला लिंक पाठवताना तिचं वय आठवलं नाही? त्या अजून रात्री उठून तुझ्या खोलीत डोकावतात, मला दिसतं. पुढच्या शर्यतीची फी भरलीस, हेही मला तुझ्या मेलवरून नाही, बँकेच्या मेसेजवरून कळलं.

गेटवरच्या मुलावर मात्र माझा राग नाही. त्याला पहाटे चारला उठवून एक टी-शर्ट आणि बिस्किटचा पुडा देऊन कुणीतरी तिथे उभं केलं होतं, आणि बाई हात जोडून उभी राहिली तर काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. शर्यत संपल्यावर हिरवं कापड काढलं, तेव्हा मी गेटपासून नवऱ्याच्या सायकलीच्या जागेपर्यंत चालून बघितलं. बावीस पावलं होती.