बंडू जेवला का

काल रात्री मी मेले. गेममध्ये. त्याचं एवढं काही नाही, पण त्यावर सासूबाई जे बोलल्या ते सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

गेम म्हणजे द सिम्स ४. सगळ्यांची जेवणं झाली, ओटा पुसला, दूध फ्रिजमध्ये गेलं की मी तासभर खेळते. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, त्यांना खायला, झोपायला, शू करायला पाठवायचं. हो, शूसुद्धा सांगावी लागते. म्हणजे तशी स्वतःहून जातात, पण कधी जातील त्याचा नेम नाही.

सासूबाई सध्या सांगलीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्यात. दर चार तासांनी ड्रॉप्स, काळा गॉगल, आणि डॉक्टरांनी टीव्ही बंद सांगितलाय. लॅपटॉपबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे रात्री साडेदहाला माझ्या मागे खुर्ची टाकून, गॉगल लावून बसतात, एखाद्या डॉनसारख्या.

गेममधल्या घरात दोघंच. एक मी, आणि एक नवरा, जो मी फासे टाकून बनवला होता, म्हणजे टक्कल, मिशा, जे येईल ते. त्याला बघितल्या बघितल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आमचा बंडू!"

बंडू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, आमचे बंडूमामा. हे एकदा मिरजेच्या बाजारात कोथिंबीर आणायला म्हणून गेले ते तिसऱ्या दिवशी पंढरपूरहून परत आले. कोथिंबीर नव्हती. घरात कोणी एक शब्द बोललं नाही, कारण देवाला गेला होता ना. मामी तीन दिवस स्टँडवर चकरा मारत होत्या हे या गोष्टीत फक्त मामी सांगतात.

तर तेव्हापासून तो बंडू. आणि बंडूवर टीका चालत नाही.

बंडूचा प्रॉब्लेम असा की तो खालच्या किचनमध्ये जेवतो, समोर धडधडीत सिंक आहे, मी पैसे घालून डबल सिंक घेतलंय, पण उष्टी ताटली घेऊन हा जिना चढतो आणि वरच्या बाथरूमच्या बेसिनमध्ये विसळतो. रोज. मी वैतागून म्हटलं, "बघा आई, काय अक्कल आहे."

"घासतोय ना?" सासूबाई म्हणाल्या. "न सांगता घासतोय. पुरुषमाणूस असून."

"अहो पण बाथरूममध्ये!"

"तुझ्या मध्ये मध्ये नको म्हणून गेला असेल बिचारा."

मग मी त्याला पेंटिंग करायला बसवलं, तर दोन मिनिटांत उठून टीव्हीसमोर. पुन्हा बसवला, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा क्लिक केलं तेव्हा मागून आवाज आला, "बसू दे गं जरा, आत्ता ऑफिसातून आलाय." मी म्हटलं, मीपण ऑफिसातून आलेय. गेममध्ये म्हणाले की खरी म्हणाले ते मलाच कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. नंतर बंडू अंगणात पोस्टवालीशी लाडीगोडीत बोलायला लागला, माझ्या क्लिकशिवाय, तोंडावर हसू. सासूबाईंनी गॉगल वर केला, नीट बघितलं, आणि म्हणाल्या, "माणूस माणसाशी बोलणारच."

आता हे सगळं आपोआप कसं होतं तर त्याचं गणित मला माहितीये, वाचलंय मी. या गेममध्ये अक्कल माणसात नसतेच, वस्तूंमध्ये असते. फ्रिज ओरडत असतो भूक भागवतो, पलंग ओरडतो झोप देतो, टीव्ही ओरडतो मजा देतो, आणि तो माणूस मंडईत मधोमध उभं राहिल्यासारखा ज्याची हाक त्याच्या गरजेला लागू पडेल तिकडे जातो. त्यातही सगळ्यात चांगला पर्याय दर वेळी निवडत नाहीत, वरच्या दोनचार पर्यायांतला कुठलाही एक उचलतात. मुद्दाम. कारण ही माणसं स्वतःचं सगळं नीट करायला लागली असती तर खेळणाऱ्याला कामच उरलं नसतं. म्हणजे बघा, एका धडधाकट बाप्याला थोडा बावळट ठेवलाय, का, तर मला काहीतरी करायला मिळावं म्हणून. आणि हे मी विरंगुळा म्हणून खेळते.

फ्री विल, म्हणजे माणसांचं हे आपोआप वागणं, बंद करून टाक ना, असं म्हणणारे भेटतात. केलंय. बंद केलं की बंडू हॉलमध्ये खांबासारखा उभा राहतो, पोटात कावळे ओरडतायत, तरी उभा, आणि शेवटी जागच्या जागी पँट ओली करतो. सांगितलं नव्हतं ना कोणी.

असो. काल.

काल मी, गेममधली मी, ऑफिसातून येऊन स्वयंपाकाला लागले आणि शेगडीने पेट घेतला. या गेमच्या मुळाशीच आग आहे म्हणतात. विल राइट म्हणून ज्यांनी हा खेळ काढला त्यांचं घर १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या वणव्यात जळलं, मग संसार पुन्हा उभा करताना माणसाला नक्की काय काय लागतं हा विचार डोक्यात बसला आणि त्यातून २००० साली पहिला सिम्स आला. सुरुवातीला तर तो घरं बांधण्याचाच खेळ होणार होता, माणसं फक्त घर कसंय ते ठरवायला. ठरवा म्हणावं. माझं किचन जळत होतं.

आग लागली की घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून आगीपाशी येतात आणि हात वर करून ओरडतात. विझवत नाहीत. बंडू आला, माझ्यापासून दोन फुटांवर उभा राहिला आणि ओरडायला लागला. मी विझव म्हणून क्लिक करतेय, करतेय, ती कमांड रांगेत दिसतेय आणि गायब होतेय. तोवर मी पेटले होते.

"घाबरलाय गं तो," सासूबाई म्हणाल्या.

मग यमदूत आला. काळा झगा, हातात कोयता. "हा कोण रेनकोटवाला? मीटरचं रीडिंग घ्यायला आला का?" त्यात त्याने खरंच टॅब काढून काहीतरी बघितलं, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. यमदूतापुढे गयावया केली तर माणूस परत मिळू शकतो, म्हणून बंडूला तसं सांगितलं. बंडू दोन क्षण रडला. मग टेबलावरची उष्टी ताटली उचलली आणि जिना चढून वर बाथरूमला गेला.

माझ्या जागी एक कलश उरला. खोलीत शांतता. आणि मागून सासूबाई, अगदी मनापासून, "अगं बाई. आता बंडूच्या जेवणाचं कोण बघणार?"

मी सेव्ह न करता लॅपटॉप मिटला.

नवऱ्याला सांगितलं. तो अर्धवट झोपेत म्हणाला, "मला हाक मारायची ना, मी सांगितलं असतं कसं विझवायचं ते." आणि कूस बदलली.

आज सकाळी ड्रॉप्स घालताना, डोकं मागे, डोळा ताणून धरलेला, तशात सासूबाईंनी विचारलं, "बंडू जेवला का?" मी म्हटलं, आई, गेम बंद केला की तिथला वेळ थांबतो, त्याला भूक लागत नाही. "कालपासून?" त्या म्हणाल्या. मी पुन्हा समजावलं. त्यांनी दुसरा डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं की मी ऑफिसला निघायच्या आधी, डबा भरायचा सोडून, लॅपटॉप उघडला. जुना सेव्ह होता, त्यात मीही जिवंत होते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बंडूला फ्रिजपाशी नेलं, सीरिअलचा बोल घ्यायला लावला, टेबलाशी बसवलं.

सासूबाई गॉगल लावून बघत होत्या. "दूध गार घेतलं का गं त्याने?"