बोटं दुखू द्यायची का? शूटिंग ग्लोव्हबद्दलच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शूटिंग ग्लोव्ह, म्हणजे तिरंदाजीत दोरी ओढणाऱ्या तीन बोटांवर घालायचा हातमोजा, कसा निवडावा यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही डिचोलीहून भरभरून आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. उत्तर थोडक्यात देता येणार नाही, म्हणून इथे सविस्तर देते.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी मांडते. तुमची लेक बारा वर्षांची, यंदाच तिरंदाजी शिकायला लागली. माझं वाचून तुम्ही तिला चामड्याचा ग्लोव्ह घेतलात. वाढत्या अंगाची पोर म्हणून एक नंबर मोठाच घेतलात. मृगाला आणलेला ग्लोव्ह चवथीपर्यंतही टिकला नाही. त्याला बुरशी आली आणि मधल्या बोटाची शिवण उसवली. त्यावरून तुमचे आक्षेप असे: खरा तिरंदाज ग्लोव्ह घालतच नाही, सगळे टॅब (बोटांखाली धरायचा चामड्याचा सपाट तुकडा) वापरतात किंवा काहीच नाही, अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांच्या हातात ग्लोव्ह कधी दिसला का? ‘टिकाऊ’ हा दुकानदाराचा शब्द. म्हापशाच्या बाजारातला बागकामाचा हातमोजा तेच काम करतो. आणि शेवटी: पूर्वीचे धनुर्धर उघड्या हाताने बाण सोडत, मुलांची बोटं दुखली तर दुखू द्यावीत, घट्ट होतील.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं चुकलं तर पैसे जातात, इथे बोटं जातात.

२० पाउंडांचं धनुष्य म्हणजे पूर्ण ओढल्यावर बोटांवर सुमारे ९ किलो भार. ३० पाउंडांचं असेल तर साडेतेरा किलोच्या आसपास. हा सगळा भार तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्यावर, तोही काही मिलिमीटर जाडीच्या दोरीतून, आणि त्यातला मोठा वाटा मधल्या बोटावर. कातडी घट्ट होते, घट्टे पडतात, हे खरं. पण बोटाच्या दोन्ही बाजूंनी ज्या नसा टोकापर्यंत जातात, त्यांना घट्टे पडत नाहीत. त्या दाबल्या गेल्या की आधी मुंग्या येतात, मग टोक बधिर होतं. सराव संपल्यावर मुंग्या लगेच गेल्या तर ग्लोव्ह किंवा धनुष्याचं वजन तपासा. दुसऱ्या दिवशीही बोट बधिर वाटत असेल तर धनुष्य ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा. मैदानावर कोणी ‘सवय होईल’ म्हणालं तरी.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. दुखणाऱ्या बोटांचं मूल दोरी टाळायला शिकतं. दोरी पहिल्या सांध्याच्या वळीत धरायची, ती ते बोटांच्या टोकांवर धरतं, म्हणजे दुखणं कमी होईल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात टोकावर धरलेली दोरी टिकवायला मनगट आणि हाताचा पुढचा भाग आवळावा लागतो. मग सोडताना बोटं सैल होत नाहीत, झटक्याने उघडतात. दोरी बाजूला हिसकली जाते आणि बाण डावीउजवीकडे पसरतात. कोच म्हणतात नेम सुधार. नेम ठीकच असतो, बोटं घाबरलेली असतात. ही सवय एकदा लागली की घालवायला फार वेळ जातो. म्हणून नवशिक्या मुलांच्या बोटांच्या संरक्षणाबद्दल मी इतक्या आग्रहाने लिहिते.

आणि पूर्वीचे धनुर्धर सगळे उघड्या हाताने बाण सोडत, हे खरं नाही. आपल्या महाकाव्यांत योद्धा सज्ज झाल्याचं वर्णन येतं तिथे गोधा आणि अंगुलित्राण बांधल्याचा उल्लेख येतो. एक हाताला दोरीच्या फटक्यापासून वाचवतं, दुसरं बोटांना. मुघल धनुर्धर अंगठ्याने दोरी ओढत आणि त्यासाठी अंगठ्यात जिहगीर घालत. शाहजहानची जेड दगडाची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जपानच्या क्यूदोत, म्हणजे तिथल्या पारंपरिक धनुर्विद्येत, तर हरणाच्या कातड्याचा युगाके नावाचा हातमोजा हे धनुर्धराचं सर्वात जपलेलं साधन. खरा तिरंदाज ग्लोव्ह घालत नाही, हे त्यांच्यापुढे म्हणता येणार नाही.

आता अदिती आणि ओजस. २०२३ मध्ये बर्लिनला दोघेही जगज्जेते झाले, अदिती तर सतराव्या वर्षी. त्यांच्या हातात ग्लोव्ह दिसला नाही हे बरोबर, पण टॅबही नव्हता. दोघे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य वापरतात आणि कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी ओढत नाहीत, रिलीज एड नावाच्या यांत्रिक चापाने ओढतात. त्यामुळे त्यांचं उदाहरण या वादात कुठल्याच बाजूला लागू होत नाही. दीपिका कुमारी किंवा साताऱ्याचा प्रवीण जाधव यांचं नाव घेतलं असतंत तर मुद्दा जास्त पक्का झाला असता. ते रिकर्व्हचे, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचे खेळाडू, आणि ऑलिंपिक रिकर्व्हमध्ये जवळपास सगळे टॅबच वापरतात.

त्याला कारण आहे. टॅब म्हणजे तिन्ही बोटांखाली एकच सपाट चामडं. तिन्ही बोटं एकत्र काम करतात, दोरी एकाच गुळगुळीत पृष्ठावरून निसटते. तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये ठोकळा असतो, त्यामुळे बाणाच्या नॉकला (दोरीत बसणाऱ्या मागच्या खाचेला) चिमटा बसत नाही. ७० मीटरवर, साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) लावून, प्रत्येक बाण हुबेहूब तसाच सुटायला हवा असेल तर टॅबच बरा, हे मी आधीही म्हटलं होतं आणि आताही म्हणते. पण सगळी तिरंदाजी ७० मीटरची नसते. लाकडी किंवा बांबूच्या धनुष्यावर साइटशिवाय नेम धरणारे, रानात फिरत वेगवेगळ्या अंतरावर बाण मारणारे, यांना ग्लोव्ह सोयीचा पडतो. हात मोकळा राहतो, बाण काढता येतो, टॅब सावरत बसावं लागत नाही. लहान मुलांच्या हातात तर टॅब सतत फिरतो आणि तो जागेवर आणण्यात त्यांचं अर्धं लक्ष जातं.

बागकामाच्या हातमोज्याचं उत्तर छोटं आहे. तो मातीसाठी शिवलेला असतो. त्याची शिवण नेमकी बोटाच्या टोकावर येते, जिथून दोरी घसरत जाते, आणि बोटांत तो सैल असतो. सायकलच्या हातमोज्यांची बोटं बहुधा कापलेलीच असतात. पैसे वाचवायचे असतील तर हलक्या धनुष्याच्या दोरीवर बसवायच्या रबरी नळ्या मिळतात, त्या सुरुवातीच्या दिवसांत चांगलं काम देतात.

राहिला टिकाऊपणा. तुमचा राग इथेच आहे आणि माझं तुमच्याशी खरं मतभेदाचं ठिकाणही हेच. ग्लोव्ह एक नंबर मोठा घेतला, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते शिवण तिथेच उसवली. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर चालतो, ग्लोव्हचं तसं नाही. बोटापुढे रिकामी जागा राहिली की चामड्याचं टोक दोरीखाली दुमडतं. प्रत्येक बाणाबरोबर दोरी त्या दुमडीला ओढत जाते आणि सगळा ताण शिवणीवर येतो. चामडं कितीही उत्तम असलं तरी ते हे फार दिवस सोसत नाही. ग्लोव्हचं आयुष्य आधी मापावर ठरतं, मग चामड्यावर.

माप पाहायचं ते हात सरळ ठेवून नाही. ग्लोव्ह घालून, दोरी धरल्यासारखी बोटं वाकवायची. बोटाचं टोक आतून चामड्याला टेकलं पाहिजे. पहिल्या सांध्याची वळ जाड भागाच्या आत आली पाहिजे, काठावर नाही. मनगटाचा पट्टा आवळल्यावर बोटं मागे ओढली जात असतील तर ग्लोव्ह आखूड आहे. शिवण बोटाच्या बाजूला किंवा पाठीवर हवी. दुकानदार तळहाताचा घेर विचारून नंबर देतात, पण एकाच घेराच्या दोन हातांची बोटं वेगळी असतात, म्हणून घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याने तो उजव्या हातातच घालायचा. नवखे कित्येकदा धनुष्याच्या हातात चढवतात.

चामड्याबद्दल: बकरीचं पातळ आणि मऊ, दोरी छान कळते, पण जड धनुष्यावर लवकर झिजतं. गाईम्हशीचं दमदार, सुरुवातीला ताठ. घोड्याच्या मागच्या पुठ्ठ्याच्या कातड्याचं कॉर्डोव्हन घट्ट, गुळगुळीत, ताणलं न जाणारं, आणि महाग. मुलीच्या हलक्या धनुष्याला ते नको. बारा वर्षांच्या नवशिकीला साधारण १४ ते २० पाउंड पुरतात, त्यावर मऊ, पातळ चामडंच बरं. जाड चामड्यात बोटाला दोरी कळत नाही, आणि कळत नसेल तर ती नीट सोडताही येत नाही. कापलेल्या कडेला तंतू दिसले तर चामडं, खाली कापडाचा थर दिसला तर रेक्झिन. रेक्झिनला महिन्याभरात भेगा पडू शकतात, ते घेऊ नका.

नवा ग्लोव्ह मऊ करायला धनुष्य ओढून बाणाशिवाय दोरी सोडू नका. त्याने धनुष्याची पाती तडकू शकतात. व्यायामाचा रबरी पट्टा ग्लोव्ह घालून ओढा, चामडं तेवढ्याने बोटाचा आकार घेतं.

आता आपला पाऊस. गोव्याच्या हवेत चामडं ओल धरतं, त्यात घामाचं मीठ मुरतं, आणि तसाच ग्लोव्ह ओल्या टॉवेलसोबत बॅगेत बंद केला की बुरशी ठरलेलीच. सराव झाला की तो कोरड्या फडक्याने पुसून, पट्ट्याला टांगून पंख्याखाली ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, उन्हात नाही, चुलीच्या किंवा गॅसच्या जवळही नाही. उष्णतेने चामडं कडक होऊन तडकतं. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा आणि सावलीत वारा लागू द्या. खोबरेल मात्र लावू नका. आपल्या घरांत कडक झालेल्या प्रत्येक गोष्टीवर तो पहिला उपाय, पण बोटांच्या टोकाचं चामडं त्याने लुळं पडतं, दोरी आत रुतायला लागते आणि काही दिवसांनी वास मारतो. मेणाचा अगदी पातळ हात, तोही फक्त पाठीच्या बाजूला, पुरे.

घामाचा एक उपाय क्यूदोवाल्यांकडून घेण्यासारखा आहे. ते चामड्याखाली पातळ सुती मोजा घालतात, तो भिजला की बदलतात, धुतात. आपल्या तीन बोटांच्या ग्लोव्हखाली तसा मोजा घालायचा असेल तर ग्लोव्हचं माप मोज्यासकट घ्यावं लागेल. नाहीतर दर फेरीनंतर बोटं पुसायची, तेही चालतं.

आणि शिवणीचा दोरा पाहा. सुती दोरा आपल्या ओलीत कुजतो, नायलॉनचा टिकतो. तुमचा उसवलेला ग्लोव्ह टाकला नसाल तर चांभाराकडून मेणवलेल्या नायलॉन दोऱ्याने शिवून घ्या आणि ठेवून द्या. मुलीची बोटं त्यात बसतील तेव्हा तो कामाला येईल. आत्ता मात्र नाही.

ती पुढे रिकर्व्हच्या स्पर्धांत उतरणार असेल तर तुमच्या टॅबच्या आग्रहाला माझा पूर्ण पाठिंबा. तो लवकरच घ्या आणि मग टॅब–ग्लोव्ह अशी अदलाबदल करू नका, कारण हनुवटीखाली हात टेकण्याची जाणीव दोन्हींत वेगळी असते. टॅब बोटांच्या टोकांपुढे फार आला तर चामडं कात्रीने थोडं थोडं कापून मापाचा करता येतो, ती सोय ग्लोव्हमध्ये नाही.

तिच्या धनुष्यावर किती पाउंड लिहिलंय, ते रिकर्व्ह आहे की इंडियन राउंडचं (देशी धनुष्याच्या स्पर्धेचं) बांबूचं, आणि वाकवलेल्या मधल्या बोटाच्या पहिल्या सांध्याचा घेर किती, एवढं कळवाल का? मग नेमकं काय घ्यावं ते इथेच सांगते. तोवर तिला त्या मोठ्या ग्लोव्हने बाण मारू देऊ नका.