लंपनची भाषा आडवी येते का?

सर, नमस्कार. तुम्ही खानापूरहून एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचं म्हणणं असं : प्रकाश नारायण संतांच्या लंपनकथांमधलं, म्हणजे लंपन नावाचा मुलगा स्वतः सांगतो त्या गोष्टींमधलं, सारखं येणारं 'मॅड' आणि त्या पोराचे अचाट आकडे वाचताना तुम्ही गोष्टीबाहेर फेकले जाता. 2024 साली आलेली 'लंपन' ही वेबमालिका मात्र तुम्ही गुंगून पाहिलीत. तेव्हा संतांनी शैली जरा आवरायला हवी होती.

मला हे अजिबात पटत नाही. पडद्यावर मुलाचा चेहरा समोर असतो, घर, शाळा, रस्ता आयता दिसतो. पुस्तकात लंपन म्हणजे निव्वळ त्याचा आवाज. आईबाबांपासून लांब, आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा मनातलं सरळ सांगत नाही. अमुक गोष्ट किती वेळा वाटली याचा भलताच आकडा ठोकतो आणि पुढे सटकतो. त्या आकड्याच्या जागी 'फार वाटलं' असं लिहून बघा. मुलगा नाहीसा होतो, त्याच्याबद्दल सांगणारा कुणी मोठा माणूस तेवढा उरतो.

सुरुवातीला अडखळायला होतं, खरं आहे. पण ते खेळाचा कायदा कळेपर्यंत. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात गोकाककडे श्रीकृष्ण पारिजात हे कानडी लोकनाट्य बघणारी माणसं आठवा. भागवत, म्हणजे त्यातला सूत्रधार, मध्येच पात्राला प्रश्न विचारतो, गाणं होतं, पुन्हा संवाद. तरी सत्यभामेचा रुसवा कुणाला खोटा वाटत नाही. 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये माणसांची रांग पाठ फिरवते आणि भिंत होते. प्रेक्षक ती भिंत मानतो, कारण नाटक पहिल्यापासून त्याला तसं बघायला शिकवतं.

वाचक बाहेर पडतो तो शैली मध्येच सुटली की, किंवा आजीपासून पोस्टमनपर्यंत सगळे लेखकासारखेच बोलू लागले की. सीमाभागाचा रंग म्हणून वाक्यावाक्यात कानडी शब्द पेरलेल्या कथा मलाही वाचवत नाहीत, तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा. बेळगावातला मराठी माणूस कानडी बोलतो ते बाजारात भाव करताना, बसमध्ये कंडक्टरशी, शेजारणीची विचारपूस करताना. त्याला काहीतरी कारण असतं. कथेत ते कारण दिसलं की शब्द खटकत नाही.

एक विनंती. 'वनवास' हा लंपनकथांचा संग्रह पुन्हा हातात घ्या आणि त्यातली एखादी कथा घरात मोठ्याने वाचा, मध्ये न थांबता. तरीही जिथे अडलात ते वाक्य इथे लिहा, त्या एका वाक्यावर बोलू.