आणि सहकारी

परवा आमच्या परभणीच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. कुणीतरी जगातल्या भारी गिटारवाल्यांची यादी टाकली, नेहमीचीच नावं, हेंड्रिक्स, क्लॅप्टन, जिमी पेज, आणि एकाने विचारलं यात आपला एक पण कामून नाही. झालं. एक गट म्हणे आपल्याकडं गिटार म्हणजे गॅदरिंगला पोरींसमोर मिरवायची वस्तू, वाजवणारे आहेत कुठं. दुसरा म्हणे लई आहेत, पण आपल्या लोकांना कदर नाही, फॉरेनला बघा कलाकाराला कसं डोक्यावर घेतात. आणि मग मला टॅग, कारण मी फॉरेनला.

तर मी राहतो आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, सहा वर्षं झाली. इथं भर बाजारात एक छोटा चौक आहे, रोरी गॅलहर प्लेस. (स्पेलिंगमधला मधला ग हे लोक गिळून टाकतात, मला समजायला वर्ष गेलं.) चौकात पिळवटलेल्या गिटारसारखं एक धातूचं शिल्प आहे आणि त्यातून त्याच्या गाण्यांच्या ओळी बाहेर वाहत आल्यासारख्या दाखवल्यात. हा रोरी म्हणजे गिटारवाला, याच गावात वाढला. १९६३ साली, पंधरा वर्षांचा असताना, इथल्याच एका दुकानातून त्याने सेकंडहँड स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे एक इलेक्ट्रिक गिटार, घेतली, शंभर पौंडाला, हप्त्यावर. तीच गिटार आयुष्यभर वाजवली, इतकी की घामाने तिचा रंग उडून खालचं लाकूड उघडं पडलं. युट्युबवर त्याचे सत्तरच्या दशकातले लाइव्ह कार्यक्रम बघा, चौकड्याचा शर्ट घातलेला माणूस अख्खं स्टेज एकटा ओढून नेतो. पण आपल्याकडच्या यादीत हा नसतोच, आणि खरं सांगतो, इकडं यायच्या आधी मलाबी त्याचं नाव माहीत नव्हतं.

ती गिटार २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला लिलावात निघाली, जवळजवळ नऊ लाख पौंडांना गेली, आणि घेणाऱ्या आयरिश पार्टीने ती आयर्लंडच्या नॅशनल म्युझियमला द्यायची म्हणून घेतली. हे ग्रुपवर टाकलं असतं तर दुसरा गट नाचला असता, बघा म्हणलो नव्हतो का.

पण मी टाकलं नाही, कारण पुढचं पण सांगावं लागलं असतं. रोरी वारला १९९५ ला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. चौकाला नाव दिलं १९९७ ला. म्हणजे कदर कधी, माणूस गेल्यावर, अगदी आपल्यासारखीच. आणि त्या शिल्पापाशी दुपारी कोण असतं तर शाळा सुटलेली पोरं, चिप्स खात बसलेली. आमच्या टीममधल्या एका कॉर्कच्याच पोराला मी विचारलं रोरी ऐकलास का, तर म्हणाला बाबा ऐकतात. आणि हे आयर्लंडपुरतंच नाही, अमेरिकेतली सिस्टर रोझेटा थार्प घ्या. चर्चमधली गाणी इलेक्ट्रिक गिटारवर म्हणणारी ही बाई, रॉक अँड रोल हा शब्द घरोघरी जायच्या आधी तसं वाजवत होती, आणि तिला रॉकच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे तिथल्या मानाच्या यादीत, घेतलं २०१८ ला. बाई वारली १९७३ ला. पंचेचाळीस वर्षं! त्यामुळं फॉरेनला डोक्यावर घेतात वगैरे जरा हळू घ्या.

आता आपला एक पण नाही म्हणणाऱ्यांना. 'दम मारो दम' सुरू होताना जी गिटार वाजते, जी ऐकून तुम्ही वरातीत वेडे होता, ती कुणाची? भूपिंदर सिंगची. 'चुरा लिया है तुमने'च्या सुरुवातीची पण त्याचीच. २०२२ ला तो गेला तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी 'दिल ढूंढता है' टाकलं, गझल गायक गेले म्हणून हात जोडले, गिटारचा ग पण कुणी काढला नाही. त्याला निदान गळा होता म्हणून नाव तरी राहिलं. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड आमच्या मामाकडं होती, शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसादांची बासरी एवढं सगळ्यांना पाठ, पण त्यात तिसरा माणूस गिटार घेऊन बसलाय, ब्रिजभूषण काब्रा, मांडीवर आडवी गिटार ठेवून तारांवरून धातूचा तुकडा सरकवत चक्क मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढायलाय, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. चौघं आहेत ओ. आपल्याला दोघंच पाठ.

मला वाटतं घोळ कदर नसण्याचा नाहीच, नाव न छापण्याचा आहे. आमच्या गल्लीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा (आता डीजे येतो, छाती हादरते पण ऐकू काहीच येत नाही), त्याच्या पॅम्प्लेटवर मराठवाड्याचा किशोर, मराठवाड्याची लता, फोटोसकट, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'आणि सहकारी'. त्या सहकाऱ्यांत गिटारवर आमच्या घराशेजारचे काका असायचे. दिवसा मोटार रिवायंडिंगचं दुकान, रात्री मागं कीबोर्डवाल्याच्या आडोशाला खुर्ची टाकून बसायचे. गिवसन कंपनीची जुनी गिटार. सूर चढवायला तारांवर लावायचा चिमटा, कॅपो, नव्हता तर पेन्सिल आडवी लावून दोन्हीकडून रबरबँड. 'चुरा लिया'चा तो पहिला तुकडा वाजला की पुढच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबायच्या, एवढं मी स्वतः बघितलंय. मग गायिका माइकपाशी यायची आणि टाळ्या तिला पडायच्या.

तर ग्रुपवर कुणाची बाजू न घेता मी रविवारी काकांना फोन लावला. आधी रोरीचा व्हिडिओ पाठवून ठेवला होता. म्हणलं कसा वाटला? तर म्हणे, हात लई साफ आहे रे, पण गिटारचा रंग किती उडालाय, एवढा पैसेवाला माणूस, पॉलिश कामून नाही मारून घेतली? मी हसून हसून मेलो. मग विचारलं, काका त्या ऑर्केस्ट्रात तुमच्यासोबत कोण कोण होतं, नावं सांगा, मी लिहून घेतो. आधी म्हणे काय करायचंय तुला. मग सांगायलेत एकेक, बेसवाला कोण, ऑक्टोपॅड कोणाचं, कीबोर्डवाला लग्न झाल्यावर पुण्याला गेला ते. पाच नावं झाली. ढोलकीवाल्याचं काही केल्या आठवेना. पाच मिनिटं गप्प, मागं काकूला विचारायलेले ऐकू आलं, तिला पण नाही आठवलं. म्हणाले, उद्या लाव बरं परत, रात्रीतून आठवतंच.