ईएफ ६० टक्के, म्हणजे हार्ट फेल्युअर किरकोळ?

‘इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ६० टक्के आलं, म्हणजे हार्ट फेल्युअर (हृदयाला शरीराच्या गरजेइतकं रक्त पुरवता न येणं) नावापुरतंच’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं, एवढंच. कप्पा ताठर झाला की तो नीट भरतच नाही. त्या थोडक्या रक्तातलं ६० टक्के बाहेर पडूनही जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात. अमेरिकेत हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्ध रुग्णांचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. ईएफ कमी असो वा चांगलं, पाच वर्षांतले मृत्यू सुमारे ७५ टक्केच. (आकडा दाखल झालेल्या वृद्धांचा आहे, सरसकट लावू नका.) फरक आहे तो औषधांत: आयुष्य वाढवणारी बरीचशी औषधं ४० टक्के किंवा त्याखालच्या ईएफसाठीच सिद्ध झालेली आहेत.