खर्ज

सकाळी पुतण्या घरी आला होता. वीस वर्षांचा, इंजिनियरिंगला आहे, गिटार बरी वाजवतो. पोहे खाता खाता म्हणाला, "काका, मेटालिका जस्टिसपर्यंतच. ब्लॅक अल्बमपासून विकले गेले." मेटालिका म्हणजे अमेरिकेतला हेवी मेटल बँड, जस्टिस त्यांचा चौथा अल्बम, ब्लॅक पाचवा. मी काही बोललो नाही. मग हेच आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं, तर पन्नाशीला आलेल्या माणसांनी धडाधड अंगठे दिले. "पोरगं बरोबर बोलतंय." तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांब होईल. वाचायचं तर वाचा.

तुम्ही सगळे रेघ चुकीच्या जागी ओढता. तीस वर्षं ओढताय. १९९१ साली ब्लॅकचा निर्माता म्हणून बॉब रॉक आला, गाणी लहान झाली, टीव्हीवर लागायला लागली, १९९६ ला लोड हा अल्बम आला आणि त्यांनी केस कापले, म्हणून तिथून पुढची मेटालिका खोटी. माझी रेघ २७ सप्टेंबर १९८६ ला आहे. स्वीडनमध्ये, युंगबीजवळच्या रस्त्यावर, पहाटे बँडची बस उलटली आणि त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन गेला तिथे. चोवीस वर्षांचा होता. पहिली मेटालिका तिथे संपली. तीन अल्बमची. आणि जो जस्टिस तुम्ही 'जुन्यातला शेवटचा' म्हणून डोक्यावर घेता, तो नव्यातला पहिला आहे. हे मला कुठल्या मासिकानं नाही, टेप दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं शिकवलं.

ते सांगतोच. नाशिक, ९३ साल. मी पंधरा वर्षांचा. बास, म्हणजे खालचे सूर धरणारी जाड तारांची गिटार, हातात यायला अजून दोन वर्षं होती, पण कानात क्लिफ बसला होता. पहिल्या अल्बमवरचं त्याचं एकट्याचं वाजवणं मी कित्येक महिने गिटारच समजत होतो. बास असा बोलू शकतो हे ठाऊकच नव्हतं. नंतर वाचलं की बँडमधला गाणारा-गिटारवाला जेम्स आणि ड्रमवाला लार्स यांचंही तेच झालं होतं. ८२ साली लॉस एंजेलिसच्या क्लबमध्ये त्याला ऐकलं तेव्हा हा गिटारवाला कोण म्हणून ते शोधत होते. बँडमध्ये येतो म्हणाला, पण अट घातली: मी तुमच्या गावाला येणार नाही, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोकडे या. आणि अख्खा बँड बासवाल्यासाठी बिऱ्हाड हलवून गेला!

तर वरच्या मजल्यावरच्या दादानं मुंबईहून जस्टिस भरून आणला. पासष्ट मिनिटांचा अल्बम, साठच्या कॅसेटवर मावत नाही, म्हणून नव्वदची घ्यावी लागली. मी ती बाबांच्या टू-इन-वनवर लावली आणि मला वाटलं टेप बिघडला. गिटार करवतीसारखी कापत होती, ड्रम टकटक कानावर येत होते, खाली काहीच नाही. जमीनच नाही. मी हेड पुसलं, कोलन वॉटरनं, कापूस लावून. तसंच. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा बारका स्क्रू फिरवला. होतं तेही गेलं. संध्याकाळी बाबांनी भीमसेनजींची कॅसेट लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. त्या दिवशी बोलणी खाल्ली ती आजही आठवतात.

दुसऱ्या दिवशी मेनरोडमागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे टेप नेला. त्यांनी स्क्रू जागेवर आणला, स्वतःची एक भजनाची कॅसेट घातली. डग्गा घुमला. दुकानाच्या फळ्या हलल्यासारखा घुमला. मग माझी कॅसेट घातली, मान तिरकी करून एक अख्खं गाणं ऐकलं. आणि म्हणाले, "बाळा, मशीन ठीक आहे. तुझ्या गाण्यातच खर्ज नाही."

पैसे फक्त स्क्रूचे घेतले.

ज्यांनी मेटालिकाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना एका गाण्यात जे कळलं, ते तुम्हाला तीस वर्षांत कळत नाही? क्लिफच्या जागी आलेला जेसन न्यूस्टेड त्या अल्बमवर बास वाजवतोय, भाऊ. सगळी गाणी वाजवलीत. पहिलं गाणं तर त्याच्याच रिफवर उभं आहे. स्वतःच्या चालीवर बसवलेल्या गाण्यात तो माणूस स्वतः ऐकू येत नाही. मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननं पुढे सांगितलं की बास खाली घ्यायला लार्सनं लावलं. कोणी म्हणतं जेसन गिटारच्याच चालीत वाजवायचा म्हणून झाकला गेला, कोणी म्हणतं दौरे करून करून यांचे कान बधिर झाले होते. असेल त्यातही काही. पण नवीन पोराला त्यांनी किती छळलं हे त्यांनीच नंतर कबूल केलंय. मित्र गेल्याचं दुःख होतं आणि ते त्यांनी त्या पोरावर काढलं. मला तो अल्बम ऐकताना दर वेळी हेच ऐकू येतं. अकरा जणांचं ताट मांडलंय आणि बाराव्याला दारात उभं ठेवलंय.

गाणी जबरदस्त आहेत, मान्य. जेम्सचा उजवा हात त्या अल्बमवर जे करतो ते परत कोणाला जमलं नाही, तेही मान्य. पण क्लिफच्या शेवटच्या अल्बमच्या, 'मास्टर'च्या, शेजारी ठेवून ऐका एकदा. 'मास्टर'मध्ये 'ओरायन' आहे. आठ मिनिटं, एक शब्द नाही, आणि मध्ये सगळं थांबतं तेव्हा क्लिफचा बास एकटा चालत येतो, पहाटे देवळात कुणी अनवाणी यावं तसा. हा माणूस बाख ऐकायचा, कॉलेजात संगीत शिकलेला, दोन गिटारींचे सूर एकमेकांवर कसे रचायचे ते बाकीच्यांना त्यानं दाखवलं. त्याच्या अंत्यविधीला 'ओरायन'च लावलं होतं. जलद वाजवणारे तेव्हा खूप होते. क्लिफ त्या जलद वाजवण्याला खालून धरायचा. त्याआधीच्या 'राइड'चं आणि 'मास्टर'चं मोठेपण त्यात आहे, नुसत्या वेगात नाही.

आणि आता ब्लॅक. ज्याच्यावर तुम्ही थुंकता. बॉब रॉकनं पहिलं काय केलं? चौघांना एका खोलीत एकत्र वाजवायला लावलं. आणि जेसनला वर आणलं. तीन वर्षांनी त्या माणसाला आवाज मिळाला! 'सॅड बट ट्रू'ला सगळी वाद्यं एक अख्खा सूर खाली उतरवलीत, ते पहिल्यांदा लागलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो. 'माय फ्रेंड ऑफ मिझरी' सुरूच होतं ते जेसनच्या बासवर. मी ती कॅसेट घेऊन परत त्याच दुकानात गेलो होतो, नुसती ऐकवायला. काकांनी सोल्डरिंगची गन खाली ठेवली, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "हं. आता माणसं घरी आली."

आणि हा तुमच्या लेखी विकला गेलेला अल्बम.

हो, त्यावर दोन-तीन गाणी मलाही गोड लागतात, जास्तच गोड. हो, लोड आणि रीलोड मिळून एकच चांगला अल्बम झाला असता. पण लोडवर जेम्स आईबद्दल गातो, जी तो सोळा वर्षांचा असताना कॅन्सरनं गेली. धर्मश्रद्धेपायी तिनं उपचार घेतले नव्हते. वीस वर्षांच्या जेम्सला हे गाता आलं नसतं. तेव्हा तो फक्त ओरडू शकत होता. मला बाबा गेल्यावर ते गाणं कळलं. आधी मीही पुढे ढकलायचो ते.

सेंट अँगर या अल्बमचं मी समर्थन करणार नाही. त्यातला तो स्नेअर ड्रम मला आजही सलग ऐकवत नाही. पण तिथेही बघा, २००१ मध्ये जेसन बँड सोडून गेलेला, बास वाजवणारा कोणी नाही, रेकॉर्डिंगला बॉब रॉकनंच बास धरला. घर मोडलेलं होतं आणि ते तसंच ऐकू येतं. २००८ चा डेथ मॅग्नेटिक इतका कर्कश दाबून भरलाय की चांगली गाणी वाया गेली, याचा मला राग आहेच. पण २०२३ च्या अल्बमचं शेवटचं गाणं ऐका, अकरा मिनिटांचं, त्यांचं सगळ्यात लांब. मध्ये सगळे थांबतात आणि जेसननंतर आलेल्या रॉबर्ट ट्रुजिलोचा बास एकटा उरतो. साठीच्या माणसांनी बासवाल्यासाठी जागा सोडलीय. मी रात्री हेडफोनवर ते ऐकलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

३० ऑक्टोबर २०११ ला आपण पाच जण बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर होतो, आठवतंय? दोन दिवस आधी मेटालिकाचा गुडगावचा शो रद्द झालेला, इथलाही होईल का या धास्तीनं गाडीत कोणी झोपलं नव्हतं. तिथे बास छातीत लागत होता तेव्हा तुमच्यातला एकही 'विकले गेले' म्हणाला नाही. रडत होता सगळे. मीही.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. पोराचं काय, त्यानं ऐकलंय ते फोनच्या स्पीकरवर. त्यावर तर कुठल्याच अल्बमला खर्ज नाही.

एक गोष्ट राहिली. क्लिफचे वडील रे बर्टन नव्वदीपार जगले, २०२० मध्ये गेले. २००९ ला बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला तेव्हा मुलाच्या जागी ते स्टेजवर आले होते, आणि त्याच रात्री जेसन आणि ट्रुजिलो दोघेही वाजवले. एका बँडचे दोन बासवाले एकत्र. मुलाच्या रॉयल्टीचे पैसे रे बर्टन त्याच्याच जुन्या शाळेतल्या संगीत शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती म्हणून द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला बाबांचा टू-इन-वन आठवला. इतकं बोलले मला, पण टेप दुरुस्त होऊन आल्यावर रोज संध्याकाळी त्यांचा अर्धा तास झाला की बटण दाबून कॅसेट बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "घे, लाव तुझं काय ते."

तो टेप माळ्यावर आहे, चालतो. रविवारी पुतण्याला बोलावलंय. आधी जस्टिसची तीच नव्वदची कॅसेट लावणार, मग ब्लॅक. मी काही बोलणार नाही. फक्त सुरुवातीला एक भजनाची कॅसेट लावेन, डग्गा कुठे घुमतो ते त्याला कळावं म्हणून.